अपग्रेड करताना मेल सर्व्हरची फाईल जुनी ठेवायची की नवी घ्यायची?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सॉफ्टवेअर वेळच्या वेळी अपडेट करा असं आपल्या पेपरात बऱ्याचदा येतं आणि ते बरोबरच आहे, पण ज्या ऑफिसात किंवा संस्थेत स्वतःचा मेल सर्व्हर चालतो तिथे ऑपरेटिंग सिस्टीमचं मोठं व्हर्जन बदलताना नेमकं काय होतं ह्यावर फारसं कुणी लिहीत नाही. मी हेच काम करतो म्हणून हे पत्र.

डेबियन किंवा उबुंटू ह्या लिनक्स सिस्टीम अपग्रेड करताना मधेच काम थांबतं आणि स्क्रीनवर प्रश्न येतो, की ही कॉन्फिग म्हणजे सेटिंगची फाईल तुम्ही बदललेली आहे आणि पॅकेजमध्ये म्हणजे सॉफ्टवेअरच्या नव्या गठ्ठ्यातपण नवीन आलेली आहे, तर तुमची ठेवू का नवी टाकू? नुसतं एंटर दाबलं तर तुमची राहते आणि नवी शेजारी डीपीकेजी-डिस्ट असं शेपूट लावून पडून राहते. रेड हॅटच्या घराण्यातल्या सिस्टीम तर विचारतही नाहीत. पॅकेज बनवणाऱ्याने त्या फाईलवर 'नोरिप्लेस' लिहिलं असेल तर तुमची फाईल राहते आणि नवी आरपीएमन्यू नावाने बाजूला येते, लिहिलं नसेल तर नवी फाईल लागू होते आणि तुमची आरपीएमसेव्ह होऊन बाजूला जाते. अपग्रेड झाल्यावर ही शेपटं शोधून बघणारे लोक फार कमी.

माझं म्हणणं एवढंच आहे की ह्या प्रश्नाचं उत्तर अपग्रेड चालू असताना, रात्री, घाईत द्यायचंच नसतं, ते आधी ठरलेलं पाहिजे. कारण डोळे झाकून दिलं तर दोन्ही उत्तरं चुकू शकतात.

नवी फाईल घेतली तर काय होतं ते बघा. पोस्टफिक्स ह्या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरच्या मेन डॉट सीएफ ह्या मुख्य फाईलमध्ये तुमची डोमेनं, व्हर्च्युअल मेलबॉक्सचे टेबल, रिलेहोस्ट म्हणजे ज्याच्यामार्फत मेल बाहेर पाठवायची तो सर्व्हर, सर्टिफिकेटचे पाथ, मेल खरी आहे हे दाखवणारी डीकेआयएम सही करणारा मिल्टर हा जोडप्रोग्राम हे सगळं वर्षानुवर्षं साचलेलं असतं, ते एका झटक्यात जातं. सर्व्हर मात्र चालू असतो, मेल घ्यायचा 25 नंबरचा पोर्ट उघडा असतो, डोमेन ओळखीचं राहिलं पण मेलबॉक्सचं टेबल गेलं असेल तर बाहेरून आलेल्या मेलला तो 550 म्हणजे असा पत्ताच नाही असं उत्तर देतो, आणि 5 ने सुरू होणारा कोड म्हणजे कायमचा नकार, पाठवणारा सर्व्हर परत प्रयत्न करत नाही, मेल तिथूनच बाऊन्स होते, म्हणजे न पोचता पाठवणाऱ्याकडे परत जाते. ह्यापेक्षा सर्व्हर पूर्ण बंद पडलेला परवडतो हो. बंद सर्व्हरची मेल समोरचा रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा पाठवून बघतो, ईमेल पाठवण्याचे नियम असलेल्या आरएफसी 5321 मध्ये तर साधारण किमान 4-5 दिवस प्रयत्न करत राहावं असंच लिहिलंय. म्हणजे बंद सर्व्हरमुळे मेल उशिरा येते, अर्धवट कॉन्फिग केलेल्या चालू सर्व्हरमुळे ती येतच नाही, आणि कुणाची काय मेल हुकली हे आपल्या लोकांना कळतसुद्धा नाही.

मग जुनीच ठेवावी का? तेही नाही. डेबियन 11 मध्ये एक्झिम ह्या दुसऱ्या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरचं 4.94 आलं तेव्हा बाहेरून आलेल्या पत्त्याचा भाग सरळ फाईलच्या पाथमध्ये वापरणं एक्झिमने बंद केलं, सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच निर्णय, पण ज्यांच्या स्वतःच्या कॉन्फिगमध्ये तसं लिहिलेलं होतं त्यांच्या मेल पोचेनाशा झाल्या. डेबियन 13 मध्ये डवकॉट, म्हणजे लोकांना त्यांच्या मेलबॉक्समधली मेल वाचायला देणारं सॉफ्टवेअर, 2.3 वरून 2.4 वर गेलं तर जुनी फाईल चालतच नाही, सगळ्यात आधी कॉन्फिग व्हर्जनची ओळ लागते, मेल लोकेशनच्या एका सेटिंगची वेगवेगळी सेटिंगं झाली, सर्टिफिकेटच्या सेटिंगचं नाव बदललं. तिथे एंटर दाबून जुनी ठेवलेल्या माणसाचा डवकॉट सुरूच होणार नाही. ही माहिती डेबियनच्या रिलीज नोट्समध्ये आधीच दिलेली असते, ती वाचायला अर्धा तास लागतो आणि तो अर्धा तास काढलाच पाहिजे.

पोस्टफिक्सचं मला इथे कौतुक वाटतं. 3.0 पासून त्यात कंपॅटिबिलिटी लेव्हल आहे, जुनी फाईल दिसली की तो जुन्याच डिफॉल्टने, म्हणजे आपण काही लिहिलं नसेल तेव्हा लागणाऱ्या सेटिंगने, चालतो आणि कुठे कुठे जुनं डिफॉल्ट वापरावं लागलं ते लॉगमध्ये लिहितो. तुम्ही काही दिवस लॉग बघायचा, जे जुनं वागणं खरंच हवंय ते फाईलमध्ये स्पष्ट लिहायचं आणि मग लेव्हल वाढवायची. 2.10 मध्ये रिलेचे, म्हणजे दुसऱ्याची मेल पुढे पाठवण्याचे, वेगळे नियम आणले तेव्हापण अनोळखी रिलेला डिफॉल्टने कायमचा नकार न देता तात्पुरता नकार ठेवला, म्हणजे कुणाची जुनी फाईल त्यात अडकलीच तर मेल रांगेत थांबेल, बाऊन्स होणार नाही. चालू सर्व्हरवर लोकांची मेल आहे हे लक्षात ठेवून केलेलं काम आहे हे, बाकीच्यांनी पण असंच करायला पाहिजे.

आता आधी काय करायचं. सगळ्या कॉन्फिग फाईली असलेलं ईटीसी फोल्डर गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये ठेवा, त्यासाठी ईटीसीकीपर नावाचं तयार टूल आहे, पॅकेज टाकायच्या आधी आणि नंतर ते आपोआप कमिट करतं, म्हणजे बदल नोंदवतं. फक्त त्यात पासवर्ड आणि खाजगी कीज पण जातात, तेव्हा ती रिपॉझिटरी बाहेर कुठे पुश करू नका. पोस्टफिक्सच्या पोस्टकॉन्फ कमांडला एन पर्याय दिला की फक्त फाईलमध्ये मुद्दाम लिहिलेली सेटिंगं दिसतात, डवकॉटसाठी डवकॉन्फला एन पर्याय दिला की तोही तसंच करतो, हे दोन्हीचं आउटपुट अपग्रेडच्या आधी काढून ठेवा आणि नंतर परत काढून ताडून बघा. प्रत्येक ओळीवर ती का टाकली, कुणासाठी टाकली ही कॉमेंट हवीच, पाच वर्षांपूर्वीच्या अॅडमिनने एका आयपीला रिले का दिला होता हे त्याच्याशिवाय कुणाला माहीत नसेल तर ती ओळ ठेवायची हिंमतही होत नाही आणि काढायचीही. सेंडमेल ह्या जुन्या मेल सर्व्हरवाल्यांना हे जुनं माहीत आहे, त्यात एमसी फाईलवरून एमफोर हे टूल सीएफ ही प्रत्यक्ष वापरायची फाईल बनवतं, सीएफ फाईलमध्ये हाताने केलेला बदल एमफोर परत चालवलं की पुसला जातो, म्हणून बदल एमसी मध्येच करायचा. जिथे सोय असेल तिथे आपले बदल वेगळ्या फाईलमध्ये ठेवा म्हणजे मूळ फाईल नवी घेता येते. पोस्टफिक्सच्या मेन डॉट सीएफ मध्ये दुसरी फाईल जोडायची सोय नाही, तिथे गिटच.

आणि हे सगळं आधी एका कॉपी केलेल्या व्हर्च्युअल मशीनवर करून बघा, तिथून खरी मेल बाहेर जाणार नाही एवढी काळजी घेऊन. संस्थेच्या प्रमुखांना माझी कळकळीची विनंती आहे, तुमचा सिस्टीमवाला ह्यासाठी दोन दिवस मागत असेल तर द्या, तो टाळाटाळ करत नाहीये.

शेवटचं, प्रत्यक्ष अपग्रेडच्या वेळी पोस्टफिक्समध्ये सॉफ्ट बाऊन्स यस करून ठेवा, म्हणजे 5 चे कोड 4 चे, म्हणजे तात्पुरत्या नकाराचे होतात आणि काही चुकलंच तर पाठवणारा सर्व्हर परत येतो, पण मेन डॉट सीएफच बदलली तर ही ओळही जाते, म्हणून पोस्टफिक्स परत सुरू करायच्या आधी ती आहे का ते बघा. दोनतीन दिवस लॉग स्वच्छ दिसला की ते परत नो करा, नाहीतर चुकीच्या पत्त्यावर लिहिणाऱ्याला आपला पत्ता चुकलाय हे कितीतरी दिवस कळतच नाही.

कळावे,
आपला,
मेल सर्व्हर सांभाळणारा एक वाचक