मियावातलानच्या मास्तरांना, दोडामार्गहून

आदरणीय मास्तर,
सप्रेम नमस्कार.

मेक्सिकोतल्या तुमच्या गावात सगळे तुम्हाला 'माएस्त्रो' म्हणतात. शिकवणाऱ्याला आम्ही मास्तर म्हणतो, आणि तुम्ही मला शिकवलंत, म्हणून मी हीच हाक मारतो. पत्र मराठीत लिहितोय, कारण मनातलं मला याच भाषेत नीट सांगता येतं. तुमची नात ते स्पॅनिशमध्ये करून वाचून दाखवणार आहे. चारचौघांसमोर लिहितोय त्यालाही कारण आहे. तुमच्या पालेंकेवर, म्हणजे भट्टीवर, मी तीन दिवस जेवलो, झोपलो, आणि निघताना 'ग्रासियास'पलीकडे तोंडातून शब्द फुटला नाही. ते राहून गेलेलं आज पुरं करतोय.

मी काजूच्या बागेत वाढलो. बोंडूचा रस आंबला की आजोबा भट्टी लावायचे. आधी उर्राक, मग फेणी. त्यामुळे चाखण्यातलं आपल्याला बरंच कळतं अशी माझी समजूत होती. तरी तुमच्या वाहाका शहरात पहिल्याच रात्री मी मेझकाल, म्हणजे तुमच्याकडची अगावेची दारू, लिंबू-मीठ लावून एका दमात घशाखाली ओतलं. धुरापलीकडे काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी एका दुकानात 'एन्सांब्ले' लिहिलेली बाटली दिसली. अगावे म्हणजे आमच्या घायपाताच्याच कुळातली वनस्पती. तिच्या एकाहून जास्त जातींपासून काढलेलं मेझकाल, एवढंच समजलं. तुमच्याकडे आलो तो एकच प्रश्न घेऊन: कुठली जात किती टक्के?

तुम्ही उत्तर दिलं नाहीत. दंडाला धरून भाजणीच्या खड्ड्यापाशी नेलंत. शेजारी अगावेच्या पाती सोललेल्या गड्ड्यांचा ढीग होता. तुम्ही त्यांना पिन्या म्हणता, म्हणजे अननस, आणि दिसतातही तसेच. एस्पादिनचे गड्डे कापा फणसाएवढे. तोबालाचे कोबीसारखे, हातात मावणारे. कुइशेचे लांबट, थेट मुसळासारखे. तेपेस्तातेचे दोनच होते, तेही कुऱ्हाडीने फोडलेले. तुम्ही एकेकावर हात ठेवून वय सांगत गेलात. एस्पादिन शेतात लावलेला, 7-8 वर्षांचा. तोबाला डोंगरातला, 12 वर्षांचा. कड्यावरच्या तेपेस्तातेला पिकायला 25 वर्षंसुद्धा लागतात. तो गड्डा कोवळा असताना मी शाळेत असेन.

मग तुम्ही समजावलंत. खड्डा भरायचा तर भरपूर माल लागतो, आणि डोंगरातली एकच जात एका वेळी तेवढी पिकत नाही. जे पिकलं ते आणायचं, एकत्र भाजायचं, एकत्र कुटायचं, एकत्र आंबवायचं. तुमच्या आजोबांच्या काळी याला वेगळं नावही नव्हतं. हे ऐकताना मला आईची ऋषीची भाजी आठवली. परसात त्या दिवशी जे असेल ते अळू, माठ, शिराळं, भेंडी, सुरण, मक्याचं कणीस, सगळं एकाच पातेल्यात. ती खाताना भेंडी किती टक्के हे कोणी विचारत नाही. माझा प्रश्न तिथेच गळून पडला, मास्तर. बाटल्या एकमेकींत ओतून केलेली मिश्रणंही मी नंतर चाखली आहेत. त्यात वाईट काही नाही, पण चवी शेजारी शेजारी बसून राहतात. तुमच्या मेझकालात त्या एका आगीतून आलेल्या असतात.

माती लोटून झाकलेला खड्डा उघडेपर्यंत थांबता आलं नाही, पण आधीच्या भाजणीतला एक तुकडा तुम्ही चघळायला दिलात. उसासारखा चोथा, रताळ्यासारखा गोडवा आणि शेवटी काकवीचा कडवटपणा. ही चव लक्षात ठेव, पेल्यात हीच शोधायची आहे, असं तुम्ही बजावलंत. मेझकालचे दोन थेंब माझ्या तळहातावर टाकून चोळायला लावलेत. आधी नाकात झणका गेला, तो उडाल्यावर हाताला त्याच तुकड्याचा वास येत होता. इतका सोपा पडताळा मला आयुष्यात कोणी दाखवला नव्हता.

आणि ते मोती! तुम्ही बोरूसारख्या पोकळ नळीत मेझकाल ओढून घेतलंत आणि उंचावरून हिकारात सोडलंत. हिकारा म्हणजे झाडाच्या टणक फळाची वाटी, आमच्या करवंटीसारखी. कडेला बुडबुड्यांची माळ धरली आणि टिकून राहिली. पहिल्या धारेची असेल तर मोती पटकन फुटतात, शेवटची पाणचट धार असेल तरी फुटतात. मधलं जुळलं की थांबतात. तुम्ही शेवटची धार थोडी घालून पुन्हा पाहिलंत, मान हलवलीत. माझ्या बॅगेत अल्कोहोल मोजायचं यंत्र होतं. बाहेर काढून पाहिलं तर 48 टक्के.

पेला हातात दिलात तेव्हा सोबत ना लिंबू होतं ना मीठ. चिमणीच्या चोचीएवढा घोट, तो जिभेवर फिरवून गिळायचा आणि गप्प बसायचं. पहिल्या घोटाने फक्त तोंड तयार होतं, मोजायचा दुसऱ्यापासून. दुसऱ्याला गोडवा आला, मग फुलांसारखं काहीतरी, मग पावसाआधीच्या मातीचा कोरडेपणा आणि गिळल्यावर हिरव्या मिरचीच्या देठाचा वास. मी बोटांवर मोजत चवींची नावं घ्यायला लागलो, तर तुम्ही माझी मूठ हळूच मिटवलीत. अजून तसंच मूठ मिटून पितो.

संध्याकाळी मी आमच्या बांधावरच्या घायपाताचा फोटो दाखवला. तुमच्याच मुलखातून आलेली, पण आमच्याकडे कुंपण म्हणून उभी असलेली वनस्पती. आम्ही तिच्यापासून वाख काढून दोर वळतो, असं सांगितल्यावर तुम्ही न बोलता आत गेलात आणि खुंटीवरचा दोर घेऊन आलात. तोच पीळ, तसाच खरखरीत. तुम्ही त्याला इश्तले म्हणता. तो दोर दोघांनी दोन टोकांनी धरला होता, त्या क्षणासाठी मी तुमचा ऋणी आहे.

शहरातल्या दुकानांत रानटी अगावेच्या बाटल्या भराभर वाढताना पाहून मला काळजी वाटायची. अगावेला आयुष्यात एकदाच फुलाचा दांडा येतो, आणि मेझकालसाठी तो छाटावा लागतो. तोबालाला तर बाजूला पिल्लंही फुटत नाहीत, बीच लागतं. तुम्ही डोंगरावर दांडे राखून ठेवलेत, रात्री परागीभवनाला वटवाघळं येतात म्हणून. परसात जुन्या डब्यांमधून अंगठ्याएवढी तोबालाची रोपं होती. ती पिकायला अजून बाराएक वर्षं लागतील. तरी रोज सकाळी त्यांना पाणी घालत होतात.

तुमच्या बाटलीत चार बोटं उरलीत. ती मी एकट्याने संपवणार नाही. भाऊ मुंबईहून आला की उघडीन आणि आधी त्याच्या तळहातावर दोन थेंब टाकीन. यंदाच्या हंगामाची फेणी तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे. पुढच्या वर्षी येताना घेऊन येतो. त्यात मोती टिकतात का, ते तुम्हीच तुमच्या नळीने बघा.

तुमचा,
घायपाताच्या बांधावरचा विद्यार्थी