उपमा कोणाच्या नजरेतून द्यावी?

कोल्हापूर

चि. राणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

2019 च्या महापुरावरची तुझी कथा मिळाली आणि आम्ही दोघांनीही ती वाचली. कथेत अलंकार फार झाले आहेत का, आणि झाले असतील तर कोणते काढावेत, असे तू विचारले आहेस. शाळेत अलंकार ओळखण्याचे गुण मिळतात. त्यामुळे ते वाक्य लिहून झाल्यावर वरून चढवायचे असतात, अशी समजूत होऊन बसते. लिहिणाऱ्यापुढचा प्रश्न निराळा असतो. समोरची गोष्ट किती ठासून सांगायची आणि ती कोणाच्या नजरेतून दाखवायची, हे त्याला ठरवायचे असते.

तुझ्याच कथेतले पाणी घेऊ. ‘पाणी काकवीसारखे दाट आणि तांबूस होते’ ही उपमा झाली. येथे पाणी पाणीच राहते, काकवी काकवीच राहते, आणि वाचकाला दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहता येतात. ‘पाणी जणू घरे मोजत गल्लीतून वर येत होते’ या उत्प्रेक्षेत लेखकाने कल्पनेला मोकळे सोडले आहे, पण ही आपली कल्पना आहे हेही तो ‘जणू’ म्हणून सांगून टाकतो. ‘त्या रात्री पाणी हाच घराचा मालक होता’ असे रूपक केलेस की ती सूटही उरत नाही. आणि ‘ते पाणी नव्हते, वसुलीला आलेला सावकार होता’ या अपन्हुतीत तर लेखक समोरची वस्तूच नाकारतो. एवढा हट्ट वाचक एका कथेत एकदा चालवून घेतो; तू तो तीनदा धरला आहेस. सावकाराचे वाक्य ठेव, कारण पुढे आजोबांच्या पीककर्जाचा विषय येतो आणि तेथे ते कामाला येते. बाकीची दोन खुशाल काढ.

माझा खरा आक्षेप आहे तो ‘आजीच्या डोळ्यांत समुद्र उसळला’ या वाक्याला. तुझ्या कथेतल्या आजीचा जन्म शुक्रवार पेठेत गेला. तिने पंचगंगा पाहिली, रंकाळा पाहिला, जोतिबाचा डोंगर पाहिला. घाट उतरून ती कोकणात कधी गेल्याचे कथेत कोठेच नाही. हा समुद्र तिचा नव्हे, तो तू वाचलेल्या पुस्तकांतून आला आहे. बहिणाबाईंनी संसाराला चुलीवरच्या तव्याची उपमा दिली, आधी हाताला चटके आणि मग भाकर, तेव्हा उपमान त्यांच्या रोजच्या हाताखालचे होते. नाथांच्या भारुडात काम-क्रोध विंचू होऊन चावतात. समोर बसलेल्या श्रोत्यांना विंचवाची ठणक समजावून सांगावी लागत नसे, आणि नाथ ते रूपक मध्येच सोडूनही देत नाहीत. विष उतरवायला अंगारा लावायचा तो सत्त्वगुणाचा, येथवर ते नेतात. रूपक एकदा उचलले की असे निभवावे लागते.

आता जे मला मनापासून आवडले ते सांगतो. घर सोडताना आजी देव्हाऱ्यातले टाक पदरात बांधते, उंबऱ्यापर्यंत जाते, मागे वळून जात्याकडे पाहते आणि म्हणते, “ह्याला कोण उचलणार?” या चार ओळींत एकही उपमा नाही. जुने आलंकारिक, म्हणजे अलंकारांवर ग्रंथ लिहिणारे संस्कृत पंडित, याला स्वभावोक्ती म्हणत, म्हणजे वस्तू जशी आहे तसे तिचे नेमके वर्णन. त्यांच्यापैकी दंडीने तिला पहिल्या अलंकाराचा मान दिला. कुंतकाला ते मुळीच मान्य नव्हते. ज्याला सजवायचे तेच सजावट कसे होईल, स्वतःच्या खांद्यावर कोणी चढून बसतो का, असे तो विचारतो. तर्काच्या दृष्टीने कुंतक बरोबर असेल. कथा लिहिताना मी दंडीच्या बाजूने आहे, कारण गद्यात हेच सर्वांत अवघड जाते. ‘पाण्याने रौद्र रूप धारण केले’ असे तू लिहितेस. आपल्याकडे पुराच्या दिवसांत फोन उचलला की पलीकडचा ‘हॅलो’ म्हणण्याआधी ‘किती फूट?’ असे विचारतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे येथे पोरासोरांनाही पाठ असते. रस्त्यावर नदी दिसण्याआधी गटारातून उलटे पाणी येते, हेही तू पाहिलेले आहेस. ते लिही, रौद्र रूप वाचकाला आपोआप दिसेल.

संवादांविषयी थोडेच सांगतो. अन्योक्ती, म्हणजे एकाला बोलून दुसऱ्याला सुनावणे, आणि व्याजस्तुती, म्हणजे स्तुतीच्या आडून निंदा, पुस्तकात अवघड वाटतात, पण घरोघरी तेच चालू असते. लेकी बोले सुने लागे ही अन्योक्तीच, आणि “लई शहाणा लागून गेलास” ही आपल्या गल्लीतली व्याजस्तुती. तुझ्या काकूच्या तोंडी ती आहे. मात्र त्यापुढे ‘ती उपरोधाने म्हणाली’ असे लिहून तू तिची धार घालवली आहेस. ते तीन शब्द खोडून टाक.

राहिला नाद. मोरोपंतांनी ओठांनी उच्चारायची अक्षरे पूर्णपणे वगळून निरोष्ठ रामायण रचले आणि यमकांत तर त्यांचा हात धरणारा कोणी नाही. त्या कसरतीचे मला कौतुक वाटते, पण ती पद्याची मिरास आहे. कथेतला अनुप्रास डोळ्यांना गोड वाटतो आणि कानाला खटकतो, म्हणून दिवाळी अंकाकडे कथा पाठवण्यापूर्वी ती एकदा मोठ्याने वाच. ‘पत्र्यावर पावसाचे पडघम पहाटेपर्यंत पडत होते’ या वाक्याशी तू नक्की अडखळशील. पडघम काढलेस तरी पाऊस तेवढाच पडेल.

आईने आशीर्वाद सांगितले आहेत. दुरुस्त केलेली प्रत टपालानेच पाठव; मोबाईलवर मला समासात खुणा करता येत नाहीत.

तुझे,
बाबा