लेस्टरच्या बेनना, ठाण्याहून

आदरणीय बेन,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. दोन तास तुम्ही माझ्याबरोबर होतात आणि मी आपली ‘बेन, बेन’ करत राहिले. केंद्राच्या पत्त्यावर पत्र टाकणारच आहे. पण तुमच्या सूनबाईंचं माहेर मुलुंडचं, त्यांना मराठी वाचता येतं, असं बोलता बोलता म्हणाला होतात. टपालाआधी हे त्यांच्या फोनवर पोचेल, म्हणून असं चारचौघांत लिहिते. सूनबाई, सासूबाईंना वाचून दाखवा, आणि जिथे त्या ‘जावा दो’ म्हणतील तिथे थांबू नका.

मी ती चष्मा बसमध्ये विसरलेली बाई. मुलगा ऑफिसात, मी एकटी, बाहेर रिपरिप पाऊस. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड, त्याची हाडं लेस्टरमध्ये सापडली तिथल्या माहिती-केंद्रात तिकीट काढून आत आले आणि पहिल्याच फलकापुढे कळलं की आपल्याला एक अक्षरही दिसत नाही. कानाला लावायचं यंत्र दिलं होतं, पण त्यातल्या बाईचे उच्चार माझ्या पल्याडचे. तीस वर्षं मराठी शाळेत इतिहास शिकवला, ‘गुलाबांची युद्धे’ (इंग्लंडच्या गादीसाठी दोन राजघराण्यांत झालेली) दरवर्षी अर्ध्या तासात उरकली, आणि आज त्याच इतिहासापुढे निरक्षर! परत जावं म्हणून वळले, तर तिथेच कामाला असलेल्या तुम्ही खुर्ची ओढून म्हणालात, ‘बेसो.’ त्या एका शब्दावर माझा अर्धा जीव खाली बसला.

मग तुम्ही एकेक फलक वाचून दाखवलात. निम्मं गुजराती, निम्मं हिंदी, मधे मधे मला समजेल असं इंग्रजी. 22 ऑगस्ट 1485, बॉसवर्थची लढाई, राजा रिचर्ड पडला, उघडं प्रेत घोड्यावर आडवं टाकून लेस्टरला आणलं, लोकांना दिसावं म्हणून ठेवलं. पुढे 2012 साली नगरपालिकेच्या गाड्या लावायच्या जागेत उत्खनन, आणि पहिल्याच दिवशी हाडं! डांबरावर रंगवलेल्या ‘आर’ अक्षराची गोष्ट सांगताना तुम्ही हसलात. ते ‘रिझर्व्ह्ड’चं असेल, पण लोकांनी रिचर्डचंच मानलं. लोक सगळीकडे सारखेच.

हाडं सापडली त्या काचेखालच्या खड्ड्यापाशी आलो तेव्हा मी राजाचंच काहीतरी विचारत होते. तुम्ही थांबलात. ‘राजाने तो बधा जुए छे, बेन. पण एने दाट्यो कोणे?’ राजाला तर सगळेच बघतात, पण त्याला पुरलं कोणी?

मी तीस वर्षांत हा प्रश्न वर्गात विचारला नव्हता. पुस्तकात राजा मरतो, पुढचा धडा सुरू होतो. मधल्या तीन दिवसांत प्रेताचं काय झालं, ते कोणी उचललं, कोणी खड्डा खणला, हे कुणाच्या प्रश्नपत्रिकेत येत नाही.

तुम्ही सांगितलंत ते असं : इथे ग्रेफ्रायर्स होते. करड्या झग्याचे, कमरेला दोरी बांधणारे फ्रान्सिस्कन साधू. (आमच्याकडे माधुकरी मागून राहणारे असत, तसे, असं मी म्हटलं. तुम्हाला ‘माधुकरी’ शब्द आवडला होता.) नव्या राजाच्या वैऱ्याचं प्रेत त्यांनी घेतलं आणि आपल्या देवळात, जिथे उभं राहून ते प्रार्थना म्हणत त्याच भागात, पुरलं. खड्डा आखूड पडला. डोकं कडेला टेकून वर राहिलं. पेटी नाही, कफनाची खूण नाही. मी म्हटलं, घाईत उरकलं की हो! तुम्ही जरा रागावलातच. ऑगस्टचे दिवस, तीन दिवसांचं प्रेत, बाहेर नव्या राजाची माणसं. अशा वेळी खड्ड्याची लांबी मोजत बसता आलं असतं का? जागा कुठली दिली ते बघा, म्हणालात. खरं आहे. इतिहासाच्या बाईला गप्प करणारं माणूस विरळा!

आणि मग त्याच्या आधीचा राजा, दुसरा रिचर्ड. मला ठाऊकच नव्हता हा धागा. पदच्युत केलेला हा रिचर्ड अजून जिवंत आहे, अशी बोलवा उठली म्हणून 1402 साली त्याची गादी घेतलेल्या चौथ्या हेन्रीने याच मठातले साधू पकडून नेले. रॉजर फ्रिस्बी नावाचा त्यांच्यातला म्हातारा पंडित राजाच्या तोंडावर म्हणाला, तो जिवंत आहे असं मी म्हणत नाही, पण असेल तर खरा राजा तोच. लंडनला टायबर्नमध्ये त्यांना फाशी दिलं. अशा मठात 83 वर्षांनी पुन्हा एका पाडलेल्या रिचर्डचं प्रेत येतं आणि दार उघडतं. याचा अर्थ फार ताणू नये, हे मला शिक्षिका म्हणून कळतं. पण अंगावर काटा आला तो आलाच.

पाऊस थांबल्यावर तुमची पाळी संपली होती. तरी छत्री घेऊन तुम्ही मला फ्रायर लेनपर्यंत चालवत आणलंत. मठ 1538 मध्ये मोडला, आता उरलीत ती रस्त्यांची नावं. पुढे ही जमीन रॉबर्ट हेरिक नावाच्या माजी महापौराने घेतली, घर बांधलं, बाग केली, आणि बागेत तीन फुटी दगडी खांब उभा केला : इथे तिसरा रिचर्ड पुरला आहे. 1612 साली तो एका पाहुण्याने डोळ्यांनी पाहिला. नंतर खांबही गेला, आणि हाडं नदीत फेकली ही अफवा तेवढी टिकली. भाजी लावायच्या जागेत शत्रू ठरलेल्या राजाची खूण जपणारा हा हेरिक मला साधूंच्याच गोत्रातला वाटला.

कॅथेड्रलमध्ये नव्या थडग्याच्या फिकट दगडावर तुम्ही माझा हात नेऊन ठेवलात. चष्मा नव्हता म्हणून असेल, पण त्यात खोल कोरलेला क्रूस बोटांनी जास्त नीट दिसला. 2015 साली राजाला पुन्हा पुरताना पेटी केली ती त्याच्या बहिणीच्या वंशातल्या एका सुताराने, हेही तिथेच सांगितलंत.

तुमचं स्वतःचं मात्र एकाच वाक्यात. 1972 साली युगांडातून आशियाई लोकांना हाकललं तेव्हा कंपालाहून निघायला नव्वद दिवस मिळाले होते, आणि लेस्टरच्या पालिकेने तिथल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्या गावात येऊ नका. ‘आज ए ज गाम नो राजा हुं बतावुं छुं,’ आज त्याच गावचा राजा मी दाखवते, असं म्हणून तुम्ही छत्री झटकलीत. मला काही बोलायला सुचलं नाही. तेव्हा सुचलं नाही म्हणूनच हे पत्र.

माझ्याकडून परतफेड एवढीच. घरी आल्यावर जुनी टिपणं काढली. एप्रिल 1321 मध्ये आमच्या ठाण्यात चार फ्रान्सिस्कन मारले गेले : टोलेंटिनोचा थॉमस, पडुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिबिलिसीचा डेमेट्रियस. जॉर्डन नावाच्या साधूने, तोही दुसऱ्या पंथाचा, त्यांची प्रेतं सोपाऱ्याला नेऊन पुरली. मग पोर्डेनोनेचा ओडोरिक आला, त्याने हाडं उकरली आणि बरोबर घेऊन थेट चीन गाठलं. हे मी कधीकाळी वाचून वहीत उतरवलेलं होतं, वर्गात एकदाही सांगितलं नव्हतं. ज्या गावात जन्म गेला तिथले साधू मला तुमच्या गावात आठवले.

मुलुंडला व्याह्यांकडे याल तेव्हा ठाण्याला या. स्टेशनपासून चालत मासुंदा तलावावर जाऊ. काठावर सेंट जॉन बाप्टिस्टचं जुनं चर्च आहे, तिथल्या बाकावर बसून तुम्हाला या चौघांची गोष्ट सांगेन. हिंदीत सांगेन, गुजराती मला तुमच्याइतकं गोड यायचं नाही. आणि चष्मे दोन आणीन, एक पर्समध्ये, एक गळ्यात.

तुमची,
चष्मा विसरलेली बाई