एम.जी. रोडवरच्या मोबाईलवाल्या दादांना मनापासून थँक्यू

दादा, नमस्कार. तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं म्हणून असं सगळ्यांसमोर लिहितेय, कोणीतरी पोचवेलच तुमच्यापर्यंत. मागच्या आठवड्यात भर पावसात एक बाई तुमच्या काउंटरवर आली आणि म्हणाली, गाण्यांच्या ॲपमधून बाकीचे आवाज काढून द्या, ती मी.

इंदिरानगरला माझा बायकांचा योगा क्लास आहे, सकाळी सहाची बॅच. शेवटी शवासनाला मी ब्लूटूथ स्पीकरवर तानपुरा लावते. त्या दिवशी तानपुरा संपला आणि प्लेअरने आपोआप पुढची फाइल लावली, ती निघाली कॉल रेकॉर्डिंग, आमच्याच बॅचमधल्या एका ताईंचा आवाज, "मॅडम, ती गाठ निघालीय ना, अजून घरी कोणाला सांगितलं नाहीये..." मी धावत जाऊन बंद केलं पण सगळ्या डोळे मिटून पडलेल्या, हॉल एकदम शांत, कोणाला ऐकू गेलं नाही असं झालंच नसणार. आणि त्या ताई तिथेच मॅटवर होत्या. आठवलं की अजून पोटात कालवतं. मी घरी जाऊन त्यांची माफी मागितली, त्यांनी हात धरला माझा, पण विश्वासाने सांगितलेली गोष्ट माझ्या फोनमधून बाहेर गेली हे खरंच आहे.

आधी मी दुसऱ्या एका दुकानात गेले होते. तिथल्या मुलाने प्लेअरमध्येच एकेक फाइल सिलेक्ट करून डिलीट मारली, मला वाटलं फक्त लिस्टमधून जातायत, पण त्या फोनमधूनच गेल्या आणि त्यात आमच्या गुरुजींनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले प्राणायामाचे दोन ऑडिओही गेले.

तुम्ही मात्र हात लावायच्या आधी विचारलंत, "ताई, यातलं काय लागतं आणि काय नाही?" कॉल रेकॉर्डिंग नकोच होती, मग तुम्ही ऑटो रेकॉर्डिंग कुठून बंद करायचं ते दाखवलंत आणि जुन्या मी माझ्या हाताने काढल्या. गुरुजींचे उरलेले ऑडिओ हवे होते पण प्लेअरमध्ये नको होते. कमी सेकंदांच्या फाइल लपवायचं सेटिंग मी आधीच करून बघितलं होतं, पण ते ऑडिओ पाच-पाच मिनिटांचे, ते कसे लपणार. तेव्हा तुम्ही सांगितलंत की फोनमधल्या सगळ्या ऑडिओची यादी अँड्रॉइडच बनवतो, बहुतेक प्लेअर ती यादीच वाचतात, आणि ज्या फोल्डरमध्ये डॉट नोमीडिया नावाची रिकामी फाइल असते तो फोल्डर आणि त्याच्या आतले सगळे फोल्डर त्या यादीतून गळतात. फाइल जागेवरच राहते, व्हॉट्सॲपमधून वाजतेही.

मग फोन माझ्याच हातात दिलात. फाइल मॅनेजर, अँड्रॉइड, मीडिया, कॉम डॉट व्हॉट्सॲप, व्हॉट्सॲप, परत मीडिया आणि मग व्हॉट्सॲप ऑडिओ, एवढं आत जायचं असतं हे मला कधी कळलं नसतं. हिडन फाइल्स दाखवा ऑन केलं, नवी फाइल, आधी टिंब मग नोमीडिया, सगळी इंग्लिश लहान अक्षरं, मधे स्पेस नाही. माझ्या फाइलच्या नावाला शेवटी डॉट टीएक्सटी चिकटलं होतं, तसं राहिलं तर ती फाइल कामच करत नाही, ते तुमच्या लगेच लक्षात आलं. फोन रीस्टार्ट केला आणि प्लेअरमध्ये फक्त तानपुरा आणि ओंकार. कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये ही फाइल टाकू नका, गॅलरीतून फोटो दिसेनासे होऊ शकतात, आणि झालंच तर घाबरू नका, ती फाइल काढली की परत येतात, हेही तुम्ही न विचारता सांगितलंत.

मागे गिऱ्हाईक ताटकळत होतं तरी माझ्यावर एकदाही वैतागला नाहीत, पैसेही घेतले नाहीत. त्यानंतर बॅचमधल्या चौघींच्या फोनमध्ये मी हे स्वतः करून दिलं. आणि त्या ताई परत यायला लागल्यात, सोमवारी शवासनाला माझ्या अगदी समोरच होत्या.

रीस्टार्ट होईपर्यंत तुम्ही म्हणालात की आईचे गुडघे फार दुखतात, जिना चढवत नाही. डॉक्टरांना एकदा विचारा आणि त्यांना घेऊन या. खुर्चीवर बसून करायची बॅच साडेसातला असते, हॉल तळमजल्यावरच आहे. फी मी घेणार नाही.