वरच्या खोलीपर्यंतचा जिना

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आमचं बस्तान खालच्याच खोलीत ठेव, वर तुम्ही मंडळी बसा." तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय. डोंगरावरचं हे घर आपण सुट्टीत सगळ्यांनी एकत्र राहावं म्हणून बांधतोय. उतारावरच्या जागेत खालच्या मजल्यावरून नुसते झाडांचे बुंधे दिसतात, दरी आणि पलीकडच्या रांगा दिसतात त्या वरूनच, म्हणून बैठकीची खोली वर घेतली. तुम्ही दोघं खाली बसणार असाल तर मला त्या खोलीचं काय कौतुक? म्हणून जिन्याबद्दल सविस्तर लिहितेय.

आर्किटेक्टने आणलेलं पहिलं चित्र फार देखणं होतं. भिंतीतून एकेक जाड फळी बाहेर आलेली, खाली आधार दिसत नाही, दोन पायऱ्यांमधल्या फटीतून आरपार दरी. दारातून आत येणारा बघतच राहिला असता. पण आई, मला तुझा चष्मा आठवला. त्याचा खालचा भाग वाचण्यासाठी. जिना उतरताना तू नजर खाली टाकलीस की पायरी नेमकी त्या भागातून दिसते, म्हणजे धूसर. त्यात फटीतून खोल दरी दिसायला लागली तर पायरी कुठे संपते हे कळणार कसं? शिवाय चढताना बुटाचं टोक अशा फटीत अडकतं. तेव्हा पायऱ्या मागून बंदच हव्यात, हे मी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं.

आता जे ठरलंय ते असं. दोन मजल्यांमधलं अंतर 3.2 मीटर. त्याचे 20 समान चढ केले, म्हणजे प्रत्येक पायरी 16 सेंटीमीटर उंच, आणि पाऊल टेकायला 30 सेंटीमीटर. बाबा, तुम्हाला हिशेब आवडतात म्हणून सांगते. 17व्या शतकात फ्रांस्वा ब्लाँडेल नावाच्या फ्रेंच वास्तुविशारदाने एक साधं गणित मांडलं: उंचीचा एक इंच चढायला सपाटीवरच्या दोन इंचांइतके कष्ट पडतात, म्हणून पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक तिची रुंदी ही माणसाच्या एका पावलाएवढी असावी. आजही 60 ते 65 सेंटीमीटर हा आकडा धरतात. आपला येतो 62. जागा वाचवायची म्हणून 18-19 सेंटीमीटरच्या पायऱ्या सर्रास करतात. तुमच्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं आणि उतरताना प्रत्येक जादा सेंटीमीटर त्या गुडघ्यावरच येतो, म्हणून मी खालच्या खोलीतली थोडी जागा जिन्याला देऊन टाकली.

उंचीतला सारखेपणा तर मी कुणावर सोडलेलाच नाही. पाय पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच अंदाज बांधतात आणि पुढे न बघता चालतात. वरच्या मजल्यावर मागाहून 2 सेंटीमीटरची फरशी बसवली की शेवटची पायरी तेवढी जास्त उंच होते आणि माणूस नेमका तिथे ठेचकाळतो. म्हणून वरची-खालची फरशी आधी निवडली, तिची जाडी नकाशावर लिहून घेतली आणि मगच पायऱ्यांची आखणी करायला दिली.

दहा चढ झाले की मध्ये मोठा टप्पा आहे. या जिन्याची खरी शोभा तिथेच असणार. दरीच्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत खिडकी, आणि खिडकीशी हात टेकता येतील असं लाकडी बाक. तिथे बसून धुकं वर येताना बघायचं, दम खायचा, आणि मनात आलं की उरलेले दहा चढ. घाई करणारं तिथे कुणी नाही.

पायऱ्या ओकच्या, खाली पोलादी सांगाडा. घर महिनोन्महिने बंद राहणार, मग आपण आलो की एकदम ऊब. अशा हवेत लाकूड फुगतं आणि आकसतं, आणि तेही रेषांच्या आडव्या दिशेने जास्त. स्क्रू घट्ट आवळून ठेवले तर फळी तडकते किंवा करकरायला लागते. म्हणून पोलादी पट्टीत गोल भोकांऐवजी लांबट खाचा ठेवल्या आहेत, लाकडाला हलायला जागा राहते. प्रत्येक पायरीच्या कडेला गडद लाकडाची पट्टी बसवणार आहोत. आई, ती तुझ्यासाठी. धूसर दिसलं तरी कड कळेल. वर चकचकीत पॉलिश अजिबात नाही, ओल्या बुटांनी त्यावरून घसरायला वेळ लागत नाही.

कठडा दोन्ही बाजूंना. चढताना उजव्या हाताला असलेला कठडा उतरताना डाव्या हाताला येतो, आणि बाबांच्या एका हातात काठी असते. काचेचा कठडा सुचवला होता, पण काच नीट दिसत नाही आणि दमट हवेत तिच्यावर बाष्प धरतं. आडव्या तारांवर नातवंडं शिडीसारखी चढतील. म्हणून उभ्या सळ्या, मधली फट 10 सेंटीमीटरपेक्षा कमी. दिवे कठड्याच्या खालच्या अंगाला लपवलेत, उजेड थेट पायऱ्यांवर पडेल. दिवा फक्त पाठीमागे वर असला तर उतरताना आपलीच सावली पुढच्या पायरीवर पडते. वीज गेली तरी हे दिवे बॅटरीवर चालतील.

तुमची झोपायची खोली आणि न्हाणीघर खालीच आहे, रात्री जिन्याचा संबंध येणार नाही. पण दिवस आपण सगळ्यांनी वर काढायचा.

आता दोन कामं तुमच्याकडे. बाबा, कठड्याची जाडी तुमच्या मुठीवरून ठरवायची आहे. घरात जो दांडा मुठीत घट्ट बसतो, बोटं पूर्ण वळतात, त्याला दोरी गुंडाळून घेर मोजा. साडेबारा सेंटीमीटरच्या आसपास आला तर जाडी साधारण 4 सेंटीमीटर होते, ती मला चालेल असं वाटतं, पण तुमची मूठ सांगेल तेच करायचं. आई, तू ज्या खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठतेस तिच्या बैठकीची उंची कळव, बाक तेवढंच करू. लाकूड सध्या घरातच रचून ठेवलंय, तिथल्या हवेला सरावल्याशिवाय सुतार करवत लावणार नाही. तेवढ्यात मापं आली तरी पुरे.

तुमची लेक