पेव्हरआधी माती बघा

महोदय,

लेआउटमधल्या ओसाड मोकळ्या जागेवर बगीचा होतो आणि दुसऱ्याच पावसाळ्यात पेव्हर ब्लॉक खचतात. दोष ब्लॉकचा नसून खालच्या काळ्या मातीचा असतो. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पायवाटेखालची माती दीड फूट काढून ६-६ इंचांचे मुरमाचे थर द्यावेत, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवावा. कडेला काँक्रीटची पट्टी हवीच, नाहीतर ब्लॉक सरकतात. ठेकेदार नेमकी तीच वाचवतो.

झाडांचे ३ फुटी खड्डे एप्रिलमध्ये खणून तापू द्यावेत, लागवड पहिल्या दमदार पावसानंतर. कडुनिंब, करंज लावावेत. गुलमोहराच्या फांद्या वादळात मोडतात. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात लॉनचा हट्ट तर अजिबात नको! पाणी आणि रोपांची राखण यांची किमान दोन उन्हाळ्यांची तरतूद निविदेतच स्वतंत्र दाखवावी. व्यायामाची यंत्रे सावली झाल्यावर बसवली तरी चालतील. मे महिन्यात त्या तापलेल्या लोखंडाला कोण हात लावणार?

– एक वाचक, लातूर