तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना, आत्याच्या हिशेबाबद्दल

काका,
सा. न. वि. वि.

नाव कुठे घालू नकोस म्हणालात, म्हणून घालत नाही. पत्र मात्र जाहीर लिहितेय, त्याबद्दल जिन्यात भेटाल तेव्हा रागवून घ्या.

आजोबांनी १९८६ साली आत्याच्या नावाने ट्रस्ट केला आणि ट्रस्टी म्हणून बँकेला नेमलं. "माणूस जातो, बँक जात नाही," हे त्यांचं पालुपद. आत्याला जन्मापासून ऐकू येत नाही. आपल्यामागे तिला भावांच्या तोंडाकडे बघावं लागू नये, एवढाच त्यांचा हेतू. ठेवी, एका गाळ्याचं भाडं आणि थोडे शेअर्स असा ऐवज. हयातभर उत्पन्न तिचं, तिच्यानंतर मुद्दल आम्हा भाचरांचं.

आजोबा चुकले नव्हते. बँक आहे तिथेच आहे, फक्त अधिकारी आम्ही सहा वर्षांत पाच पाहिले. नवा आला की "फाइल बघून कळवतो", आणि कळवायच्या आत त्याची बदली. दरम्यान आत्याच्या खात्यात तिमाहीला जमा होणारी रक्कम कमी कमी होत गेली. का, ते कोणी सांगेना. मी कस्टमर केअरला फोन केले, तक्रार क्रमांक वहीत उतरवून ठेवले. कोणीतरी सुचवलं म्हणून एक अख्खी रजा धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातही घालवली. तिथल्या बाईंनी कागद पाहून सांगितलं, हा खासगी ट्रस्ट आहे, आमच्याकडे सार्वजनिक न्यास येतात. बरोबरच होतं त्यांचं. घरच्यांचा सल्ला वेगळाच, "बँकेशी वैर कशाला?"

तुम्ही आलात ते सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती द्यायला. टेबलावरचे कागद दिसले आणि उभ्या उभ्या विचारलंत, "हे पैसे कोणाचे?" मी म्हटलं, बँकेत आहेत. "कुठे आहेत ते नाही विचारलं. कोणाचे?"

मग बसलात. एका बँकेच्या ट्रस्टी विभागात उभी नोकरी केलेला माणूस आमच्याच जिन्यात राहतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. आपण ठेव ठेवतो तेव्हा बँक आपली ऋणको असते, पैसा ती स्वतःचा म्हणून वापरते आणि आपल्याला परत करते. ट्रस्टमध्ये मालमत्ता बँकेच्या नावावर असली तरी ती लाभार्थीसाठी सांभाळायची असते, स्वतःची समजायची नसते. "तुम्ही ग्राहक म्हणून भांडताय," म्हणालात. "ग्राहकाला तिथे सेवा मिळते, लाभार्थीला हिशेब द्यावाच लागतो."

आणि मग जे केलंत, त्यासाठी खरं तर हे पत्र. तुम्ही खुर्ची आत्याकडे वळवलीत, पेन्सिल मागितलीत आणि कागदावर लिहिलंत: "तुम्हाला हिशेब बघायचा आहे का?" आत्या मूकबधिरांच्या शाळेत शिकली आहे, उत्तम वाचते. तिने खाली मोठ्या अक्षरात "हो" लिहिलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला आमच्यापैकी कोणीही विचारला नव्हता. मीसुद्धा नाही.

माझं 'अत्यंत खेदाने कळवावे लागते'वालं तीन पानी पत्र तुम्ही बाजूला सारलंत. चार ओळी पुरल्या. भारतीय न्यास अधिनियम १८८२, कलम १९, ट्रस्टीने हिशेब चोख ठेवायचा आणि लाभार्थीने मागितली की पूर्ण माहिती द्यायची. कलम ५७, ट्रस्टचा दस्त, हिशेब आणि त्यामागची व्हाउचर, म्हणजे नोंदींचे पुरावे, पाहण्याचा, त्यांच्या प्रती घेण्याचा लाभार्थीला हक्क. "व्हाउचर हा शब्द गाळू नकोस, सगळी मजा तिथेच असते." सही आत्याची. माझी नको म्हणालात.

पाच आठवड्यांनी बँकेकडून कागदांचं खोकं आलं. तीन रविवार तुम्ही, आत्या आणि मी, आणि पोह्यांच्या बशा. दोन ठेवी, मिळून १८ लाख, मुदत संपल्यावर २६ महिने नुसत्या बचत खात्यात पडून होत्या, तेही त्याच बँकेत. साडेसहा टक्क्यांच्या जागी तीन टक्के. फरक १,३६,५०० रुपये. आकडा तुम्ही काढलात, आत्याने पुन्हा काढून पाहिला. बँकेचं लेखी उत्तर आलं, की नूतनीकरणाबाबत लाभार्थीकडून सूचना प्राप्त झाली नाही. ते वाचून तुम्ही इतके हसलात की चहा सांडला. "सूचना हिनेच द्यायच्या तर ट्रस्टी कशाला नेमलाय?" पुढच्या पत्रात कलम २३ घातलंत. जे व्याज मिळवायला हवं होतं ते ट्रस्टीने मिळवलं नाही, तर ते त्याच्याकडून वसूल होऊ शकतं. दोन महिन्यांत रक्कम आत्याच्या खात्यात जमा झाली. दिलगिरीचा एक शब्द नाही, पण जमा झाली.

बँकेच्या ट्रस्टीपणाच्या फीचं मात्र अजून अडलंय. दस्तात उत्पन्नाच्या ५ टक्के लिहिलंय, बँक कापते मुद्दलाच्या १ टक्का. म्हणजे तेरा हजारांच्या जागी चाळीस हजार. त्यांनी आधी दस्तातल्या लवादाच्या, म्हणजे वाद कोर्टाऐवजी पंचाकडे नेण्याच्या, कलमाकडे बोट दाखवलं. तुम्ही सर्वोच्च न्यायालयाचा २०१६चा निकाल काढून दिलात, की ट्रस्टच्या दस्तावरून उठलेले वाद लवादाकडे जात नाहीत. मग "समाधान नसेल तर दुसरा ट्रस्टी बघा" अशी भाषा झाली. त्यावर तुम्ही शांतपणे म्हणालात, एकदा स्वीकारलेलं ट्रस्टीपद असं झटकता येत नाही. लाभार्थींची संमती, दस्तातली तरतूद, नाहीतर कोर्ट, अशा ठरलेल्या वाटा आहेत.

कोर्टाचं नाव निघताच मला चेव आला होता. तुम्हीच आवरलंत. आत्या सदुसष्टची, दावा वर्षानुवर्षं चालेल, आणि ट्रस्टी आपला खर्च ट्रस्टमधूनच मागेल. आधी पत्रं संपू देत, म्हणालात. त्या वेळी पटलं नव्हतं, आता पटतंय.

तुम्ही फी घेतली नाहीत. आत्याने विणलेला मफलर घेतलात आणि पुण्याच्या मे महिन्यात तो घालून खाली उतरलात, हे अख्ख्या सोसायटीने पाहिलंय.

नव्या तिमाहीचं पत्रक परवा आलं. आत्याने दोन आकड्यांभोवती पेन्सिलने गोल केलेत आणि काही केल्या मला सांगत नाहीये. तुम्ही रविवारी येताय का, विचारतेय.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची